ह्यांनी खाली घेतलेली गाडी

फोन आला तेव्हा मी तांदूळ धूत होते. पलीकडे केव्हिन, ह्यांच्या कामावरचा दोस्त, धापा टाकत म्हणाला, "लव्ह, इट्स निट, ही'ज गॉन डाउन..." माझं इंग्लिश नववीपर्यंतचं आणि बाकी टीव्हीवरून उचललेलं, त्यामुळे मला कळलं ते एवढंच की नितीन खाली गेले. खाली म्हणजे कुठं? माझ्या डोक्यात तेव्हा एकच खाली होतं, ह्यांच्या त्या जुन्या गाडीच्या खाली. शिफ्ट सुटायला अजून वेळ होता, पण हे दोघं कितीदा तरी लवकर निघून आधी गॅरेजवरच जायचे. पुढचं मी ऐकलंच नाही. रिसीव्हर तसाच सोडला, लेक सई सासूबाईंच्या मांडीवर होती, आणि मी चपला न घालता पळत सुटले. आमच्या घरांच्या मागं गॅरेजांची रांग आहे, मध्ये रस्त्याखालून जायचा बोगदा लागतो, मुताचा वास मारतो नुसता, आणि एरवी मी वरच्या रस्त्यानं वळसा घालून जाते, एकटी त्यातून कधी जात नाही, मला भीती वाटते. त्या दिवशी गेले. गॅरेजला कुलूप होतं. कुलूप बाहेरून आहे म्हणजे आत माणूस कसा असेल, एवढंसुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही. विटेखालची किल्ली काढली, दार वर ढकललं, आणि ती गाडी तशीच बसलेली, जमिनीला पोट लावून. खाली वाकून बघावं तर दिसत नाही एवढी ती बुटकी, म्हणून मी सिमेंटवर आडवी झाले, गाल टेकला आणि बघितलं. खाली कोणी नव्हतं. मी तिथंच बसून देवाला हात जोडले... वाचले म्हणलं, वाचले ग बाई.

घरी आले तर रिसीव्हर लोंबकळत होता आणि त्यातून केव्हिन अजून हाका मारत होता.

कॅन्टीनच्या रांगेत उभे होते हे, हातात ट्रे, आणि उभे होते तसे कोसळले, केव्हिनचं ते डाउन म्हणजे हे. डोक्यातली नस फुटली म्हणे. हॉस्पिटल यायच्या आधी ॲम्ब्युलन्समध्येच संपलं सगळं, बत्तिसाव्या वर्षी. सहा वर्षं मी ज्या गाडीला घाबरले, उठता बसता जिला शिव्या दिल्या, तिचा ह्यात काडीचा संबंध नव्हता. माझ्या गालावर मात्र तिचं काळं तेल होतं, तशीच मी हॉस्पिटलात गेले, आणि नर्सनं आधी मलाच विचारलं की बाई तुम्हाला काही लागलंय का.

आता दीड महिना होत आला. आमच्या मराठी मंडळातल्या काकू म्हणाल्या, मंडळाच्या अंकाच्या पुरवणीत चार शब्द लिही नितीनवर, चांगलं चांगलं लिही. मला लिहायची सवय नाही, चुकलं तर सुधारून घ्या. पण चांगलं चांगलं लिहायचं तर गाडी वगळायला पाहिजे, आणि गाडी वगळली तर माणूस उरत नाही. आणि गाडीचं काय करायचं हा प्रश्न तर रोज उठून माझ्या पुढ्यात. मला ती दारातनं जायला हवी होती. पण सई, पाच वर्षांची माझी पोर, शाळेतून येताना मला गॅरेज उघडायला लावते आणि तिच्याजवळच बसते, जेवायला उचलून आणावी लागते.

मी कराडची. अठ्ठ्याऐंशी साली लग्न करून इथं इंग्लंडात, मिल्टन कीन्सला आले. हे ह्याच देशात जन्मलेले. सासूबाई पुण्याहून नर्स म्हणून आलेल्या, सासरे आधीच गेलेले. ह्यांचं मराठी म्हणजे काय सांगू, प्रेमानं बोलायचे पण सगळं उलटंपालटं. "माझा भूक लागला." "आई कुठे गेला?" मी अहो म्हणलं की हसायचे, "अहो काय? आय'म नॉट अ व्हिकर," म्हणजे मी काही चर्चमधला पाद्री नाही. पण माझ्या तोंडून नाव निघायचं नाही, मी अहोच म्हणत राहिले.

लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा एका रविवारी हे घाईघाईनं आत आले, "चल, चल, बघ, गाडी आला!" मला वाटलं घेतली नवी गाडी. बाहेर बघते तर दोरीनं ओढून आणलेलं एक गंजकं धूड. जुना पिकअप, ह्यांच्या जन्माच्या आधीचा. कुठल्याशा शेतावर पडून होता, त्यात कोंबड्या राहत होत्या. राहत होत्या म्हणजे अजून त्यांची घाण होती आत, बोटभर थर, पिसं, आणि सीट फाडून उंदरांनी घर केलेलं. हे प्रेमानं दार उघडून म्हणाले, "स्मेल दॅट! हिस्टरी!" मला तेव्हा दिवस गेलेले. मी तिथंच फुटपाथवर ओकले. शेजारची म्हातारी पडद्याआडून बघत होती. आणि हे काय म्हणाले तर, "नॉट ऑन द टायर, प्लीज."

त्या वासाची शिसारी माझ्या अंगात बसली ती बसलीच. ते कपडे धुवायला मशीनमध्ये टाकायचे तर मी ते वेगळे धुवायची, आणि मग मशीन रिकामं एकदा फिरवायची, तरी सईच्या दुपट्यांना तो वास आहे असं मला वाटायचं.

तर ती कोंबड्यांची घाण निघाली, आणि एक दिवस ह्यांनी कामावरून फोन केला, "संध्याकाळी केव्हिन येतो. आज गाडी खाली करायचा आहे." आमच्याकडं कराडला गाडी खाली करायची म्हणजे माल उतरवून रिकामी करायची. माझ्या भावाचा विटांचा टेम्पो आहे, रोजचा शब्द आहे तो. आणि मागच्या हौद्यात तर ही एवढी अडगळ, पत्रे, नटबोल्ट, लोखंडाचे ठोकळे. मी म्हणलं, चला, आपण मदत करू. रबरी हातमोजे घातले, नाकाला ओढणी बांधली, आणि पोटुशी बाई मी, एकेक करून सगळं बाहेर काढलं. त्यातल्या एका पिशवीत मेलेला उंदीर होता, वाळलेला, दात विचकून. तो बघून तर मी सगळंच घाईघाईनं भंगारवाल्याच्या व्हॅनमध्ये टाकून दिलं, तो नेमका तेव्हाच गल्लीत आलेला. हौदा धुऊन काढला. संध्याकाळी हे आले आणि बघतच राहिले.

"कुठे गेला सगळा?"

"तुम्हीच म्हणलात ना, गाडी खाली करा. केली."

ह्यांचा चेहरा पडला. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांना आधी काय झालं ते कळलं आणि त्या एवढ्या हसायला लागल्या की कठड्याला धरून खाली बसल्या. "अरे गाढवा, तुला लोअर म्हणायचंय. तिच्याकडं खाली करणं म्हणजे रिकामं करणं!" मग कळलं मला. गाडी बुटकी करायची होती, जमिनीजवळ न्यायची होती, आणि त्यासाठी महिनोन्‌महिने जमवलेले ठोकळे आणि बोल्ट मी भंगारात घातले होते. केव्हिनला काहीच समजेना, तो आपला रिकाम्या हौद्यात बघत, "व्हेरी क्लीन, लव्ह." हे पण मग हसले. रागावणारा माणूसच नव्हता तो, हे मला आता सांगायला पाहिजे. म्हणाले, "ओके. करायचा नाही. घ्यायचा. गाडीला खाली घ्यायचा."

आम्ही दोघी एकदमच ओरडलो, "अरे असं बोलू नको!" "अहो असं बोलू नये!"

कारण आमच्यात जीव जायला आला की माणसाला पलंगावरून खाली घेतात, भुईवर, म्हणजे सुटायला सोपं जातं. त्याला खाली घेतलं म्हणजे झालंच. मी समजावून सांगितलं तर डोळे मिचकावून म्हणाले, "परफेक्ट. डेड लो." म्हणजे एकदम बुटकी, पण मला त्यातलं डेडच ऐकू आलं. त्यांना मात्र तोच शब्द आवडला. कुणी विचारलं तर मुद्दाम माझ्यासमोर सांगायचे, ह्या वर्षी पुढचा खाली घेतला, पुढच्या वर्षी मागचा खाली घेणार. मी दर वेळी देवापुढं दिवा लावायची.

आणि हे खाली घेणं म्हणजे काय तर गाडीचे पाटे काढायचे. पाटे मला माहीत आहेत, चाकाच्या वर लोखंडाच्या वाकवलेल्या पट्ट्या असतात, गाडीचा भार त्यांच्यावर. माझा भाऊ टेम्पोला जादा पाटे टाकून घेतो, म्हणजे दोन विटा जास्त बसतील. आणि ह्यांनी आहेत तेच काढायला घेतलेले. मी म्हणलं, "अहो, पाटे काढल्यावर ही ओझं कसं उचलणार?" म्हणाले, "ओझं नाही उचलायचा. शोभायचा." मला एवढा वीट आला. हमालाला धरून आणायचं, त्याचे पाय कापायचे आणि मग म्हणायचं किती छान दिसतोय. मी तोंडावर म्हणलंय त्यांना, तुम्ही गॅरेज नाही चालवत, कसाईखाना चालवता.

मग दाराच्या कड्या कापल्या. हो, बाहेरून दार उघडायला कडीच नाही, तिथं नुसता गुळगुळीत पत्रा. खड्डे भरायला तो लगदा आणायचे, नेलपॉलिशसारखा वास, वाळला की घासायचे, आणि ती गुलाबी भुकटी सगळ्या घरात. चहावर भुकटी, वरणात भुकटी. एकदा सईला न्हाऊ घालताना तिच्या कानातनं निघाली. मी तशीच ओल्या पोरीला घेऊन गॅरेजवर गेले आणि ओरडले. केव्हिन आणि हे, दोघं डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी, उभे राहून ऐकत होते, कुणीतरी तोंडाला पावडर फासल्यासारखे. "सॉरी," हे म्हणाले. "बघ ना पण, हात लाव, किती स्मूथ." मी हात लावला नाही. कधीच लावला नाही. शेवटी रंग दिला तो वांग्याचा, सासूबाई तेव्हापासून गाडीला वांगंच म्हणायच्या.

मी भात लावताना पाणी बोटानं मोजते, हे चाक आणि वरचा पत्रा ह्यांच्यातली जागा बोटांनी मोजायचे. आधी चार बोटं होती. मग तीन. मग दोन. शेवटी एक बोट, त्यांचं, जेमतेम जायचं. दर रविवारी जेवण झालं की गॅरेजवर जाऊन बोट घालून बघायचं, जणू आठवड्यात गाडी वाढली असेल. आणि एक घाणेरडी खोड होती त्यांना. मी डबा द्यायला किंवा सईला आणायला तिथं गेले की बोट त्या फटीत घालायचे आणि बोंबलायचे, "बोट अडकला! बोट अडकला!" मी धावायची. दर वेळी धावायची, माहीत असून. सई टाळ्या पिटायची. मग मी चिडून म्हणायची, "अडकलं म्हणतात, अडकला नाही. आणि बोट नाही, जीव अडकलाय तुमचा ह्या घाणीत." त्यावर ते म्हणायचे, "बसतो का आज? एकच राउंड." मी म्हणायची, "आधी वर करा, मग बसते." सहा वर्षं हेच. मी त्या गाडीत एकदा सुद्धा बसले नाही. भाजी आणायला बसनं गेले, पाऊस असला तरी बसनं. एकदा बसस्टॉपवर भिजत उभी होते तर हे समोरून हळूहळू येत होते, रस्त्यावरच्या त्या उंचवट्यावर गाडी तिरपी करून, मुंगीच्या चालीनं, मागं लोक हॉर्न वाजवतायत, आणि ह्यांनी खिडकीतून हात जोडले मला. मी तोंड फिरवलं. बायकांसमोर लाज वाटली मला, खोटं कशाला सांगू.

ते गेले त्या रात्री सासूबाई एकच धरून बसल्या. माझ्या लेकाला कुणी खाली घेतलं नाही. चाळीस वर्षं नर्सचं काम केलेली बाई, किती माणसं डोळ्यांसमोर गेली असतील, पण त्यांचं आपलं तेच. आधी स्ट्रेचरवर, मग ट्रॉलीवर, मग फ्रीजमध्ये, सगळं उंचावर. "भुई लागली नाही ग त्याला. दोन मिनिटं सुद्धा नाही." मला तर तो शब्दच नको होता.

मग ह्यांच्या गाड्यांच्या क्लबातली पोरं आली, सगळे असल्याच गाड्या कापणारे, आमच्या सेटीवर चिकटून चिकटून बसले. सगळ्यांच्या नखांत काळं. चांगले होते बिचारे, रडत होते, पण मला त्यांच्या त्या नखांकडं बघवेना. ते म्हणाले, निटला त्याच्या गाडीतूनच नेऊ, मागच्या हौद्यात पेटी ठेवू, फुलं लावू, त्याला आवडेल. सासूबाई चटकन म्हणाल्या, हो, न्या, ती तरी जमिनीजवळ आहे. त्या कोंबड्यांच्या हौद्यात? पण माझं कोण ऐकतंय. मग केव्हिन गॅरेजवर गेला, पेटीच्या वजनाइतकं म्हणून दोघांना हौद्यात बसवलं, बोट घालून बघितलं, आणि खाली मान घालून परत आला. "सॉरी, लव्ह. इट'ल रब." भार पडला की पत्रा चाकाला घासणार, क्रेमेटोरियमपर्यंत पोचणार नाही. म्हणजे बघा. सहा वर्षं एका माणसानं आपले सगळे रविवार जिच्यात घातले, तिला त्याचं एकट्याचं ओझं सुद्धा उचलता आलं नाही. भाड्याच्या काळ्या गाडीतून गेले हे. त्या दिवशी मी ठरवलं, ही माझ्या दारात नको. आणि सईला तर तिच्या आसपास अजिबात नको. पोर आडवी होऊन चाकाजवळ डोकं घालते, मी पाय धरून मागं ओढते.

केव्हिननंच गिऱ्हाईक काढलं. एक म्हातारे गृहस्थ, जुन्या गाड्या जमवणारे, स्वच्छ कोट, हातात काठी, दाराशी येऊन टोपी काढली, माझ्याशी अदबीनं बोलले. मला बरं वाटलं, म्हणलं सुटले एकदाची. गॅरेजवर गेलो आम्ही सगळे, सई, सासूबाई, मी. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग काठीचं टोक त्या फटीत घातलं, चाकाच्या वर, आणि हलवलं. म्हणाले, त्यांच्या वडलांकडं अशीच होती. आणि मग काठी तशीच ठेवून म्हणाले, "व्हॉट अ शेम. ही'ज बुचर्ड इट."

मी सासूबाईंना विचारलं, काय म्हणाला?

"कसायानं कापलंय, म्हणतोय."

माझंच वाक्य होतं ते. कसाईखाना मीच म्हणत होते. पण त्या स्वच्छ माणसाच्या तोंडून ते ऐकलं, ती काठी त्या फटीत बघितली, आणि मला एकदम त्या कोटाची, त्या टोपीची, त्याच्या दातांची एवढी किळस आली की मला तिथं उभं राहवेना. ते पुढं सांगत होते, काळजी करू नका, मी सगळं पूर्वीसारखं करीन, पाटे नवे घालीन, वर घेईन तिला. सासूबाई माझा दंड धरून म्हणाल्या, "वर घेणार म्हणतोय ग."

मी म्हणलं, "नो."

"पार्डन?"

"नो. नॉट फॉर सेल. काठी काढा तुमची." हे शेवटचं मराठीतच गेलं, पण त्यांना कळलं. काठी काढली त्यांनी, टोपी घातली, गेले. केव्हिन पण त्यांच्या मागं गेला, दिलगिरी सांगायला. सासूबाईंच्या गुडघ्याला उभं राहणं सोसत नाही, त्या घरी गेल्या. उरलो आम्ही दोघी आणि ती गाडी, आणि मला काही सुचेना की मी हे काय करून बसले. गाडी तर राहिली. आता?

सई चाकाशी उकिडवी बसलेली. म्हणाली, "आई, बाबाचा एक बोट जायचा. माझे दोन जातात. लुक." गेली दोन, बारकी बारकी. मग म्हणाली, "तू बस ना आत. बाबा म्हणायचा, आई नेव्हर बसणार."

मी म्हणलं दार कसं उघडायचं ते पण मला माहीत नाही. तिला माहीत होतं. मागच्या पत्र्याच्या आत हात घातला तिनं, कुठंतरी दाबलं, टक् झालं आणि दार सुटलं. मी नाकाला पदर लावूनच आत पाय टाकला. वाटलं तो वास येणार, कोंबड्यांचा. पदर काढला. ग्रीसचा वास होता, आणि हे नेहमी चघळायचे त्या पेपरमिंटचा. सीट एवढी खाली की गुडघे छातीशी आले, पाटावर जेवायला बसल्यासारखं. जमीन अशी हाताशी. दारातून हात सोडला तर सिमेंटला बोटं टेकली माझी. गार होतं. मी हात तसाच ठेवला... सासूबाईंना आणून बसवायला पाहिजे इथं, असं मनात आलं.

तेवढ्यात बाहेरून सई किंचाळली, "आई! बोट अडकला! बोट अडकला!"

मी बसले म्हणून गाडी बसली, माझ्या वजनानं पोरीचं बोट गेलं, आता उठावं की बसावं, उठले तर सुटेल का आणखी चिरडेल, देवा, मी दाराची चौकट धरली. मग चाकाच्या मागून हसू फुटलं. दोन्ही हात वर, दहाच्या दहा बोटं हलवतेय माझी पोर, आणि वाट बघतेय माझ्या तोंडाकडे, आता मी काय म्हणते त्याची.

"अडकलं म्हणतात," मी म्हणलं. "अडकला नाही."

पुढचं मला म्हणवेना. सई मात्र थांबली नाही, तिनं विचारलंच, "एकच राउंड?"